बॉडी लिफ्ट किट निवडताना : टायरपासून उलटा हिशेब

पावसाळ्यात मुळशी-मावळच्या भातखाचरांलगतच्या चिखलात पहिल्यांदा गाडी घातली आणि ती पोटावर बसली, की पुण्यातला नवा फोर बाय फोरवाला परतीच्या वाटेवर एकच गोष्ट मनाशी पक्की करतो : आता गाडी उंच करायची. दुसऱ्या दिवशी तो नाना पेठेत चौकशी करतो, चार गॅरेजना फोन लावतो आणि सर्वांत कमी खर्चाचे उत्तर म्हणून बॉडी लिफ्ट किटचे नाव त्याच्यापुढे येते. मात्र ज्या कारणासाठी तो ते घ्यायला निघालेला असतो, ते कारण या किटने दूर होत नाही. गाडी पोटावर बसली होती, आणि बॉडी लिफ्टने गाडीचे पोट एक दोराही वर जात नाही.

जिप्सी, थार यांसारख्या गाड्यांत शिडीच्या आकाराची एक स्वतंत्र चॅसी असते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी), आक्सल, सायलेन्सर, टाकी हे सर्व त्या चॅसीला जोडलेले असते आणि बॉडी तिच्यावर रबरी बुशांवर ठेवून बोल्टने आवळलेली असते. बॉडी लिफ्ट किट म्हणजे या बुशांच्या आणि बॉडीच्या मध्ये घालायचे ठोकळे, ज्यांना बाजारात स्पेसर म्हणतात, आणि त्या वाढीव जाडीला पुरतील असे लांब बोल्ट. २ इंची किट बसवले की छत, बॉनेट, दारे आणि आसने २ इंच वर जातात. डिफरन्शियल (आक्सलमधला दातेरी चाकांचा गोळा), ट्रान्सफर केस आणि चॅसीचे आडवे दांडे मात्र होते तिथेच राहतात. वाढते ती चाकाच्या माथ्यापासून मडगार्डपर्यंतची मोकळी जागा. त्या जागेत मोठा टायर बसला, तर तो टायर गाडीचे पोट जमिनीपासून उचलतो. म्हणून किटचा विचार नेहमी टायरपासून सुरू करून उलट दिशेने करावा.

सस्पेन्शन लिफ्ट ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात स्प्रिंग, पाटे आणि शॉकअब्सॉर्बर बदलून चॅसीसकट सगळी गाडी उचलली जाते; अर्थात अखंड आक्सलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकाच सलग दांड्यावर असलेल्या, गाडीत डिफरन्शियलचा गोळा तिनेही वर जात नाही, त्याला टायरच लागतो. बॉडी लिफ्टच्या बाजूने सांगण्यासारखे असे, की तिच्यात सस्पेन्शनची भूमिती, प्रोपेलर शाफ्टचे कोन आणि गाडीची मूळची चाल यांना हात लागत नाही, आणि इंजिन-गिअरबॉक्सचे वजन खालीच राहिल्यामुळे तेवढ्याच उंचीच्या सस्पेन्शन लिफ्टपेक्षा गुरुत्वमध्य कमी सरकतो. पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असलेल्या २०२० नंतरच्या थारसारख्या गाडीत हा मुद्दा विशेष मोलाचा आहे, कारण तिथे सस्पेन्शन ताणले की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे कोन वाढतात आणि त्यांचे आयुष्य घटते.

पायरी पहिली : गरज आहे का, आणि गाडी त्या जातीची आहे का

कारखान्यातून येणाऱ्या थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर आणि जिम्नीचे २१० मिलिमीटर वर असते. ताम्हिणीच्या आसपासचे कच्चे रस्ते, पानशेत-पवनेच्या धरणकाठच्या वाटा यांसाठी ही उंची नवख्याला पुरून उरते. तिथे गाडी अडकते ती बहुधा रस्त्याच्या टायरमुळे, त्यातली हवा न उतरवल्यामुळे आणि चाके चाकोरीतून कशी न्यायची हे न समजल्यामुळे. चिखलाला साजेसे टायर, त्यांतला दाब तात्पुरता १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवण्याची सवय, परत भरायला छोटा कंप्रेसर आणि गाडी ओढून काढण्यासाठी पुढे-मागे मजबूत हूक एवढ्यावर एक अख्खा पावसाळा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतरही मोठा टायर हवासा वाटला, तर पुढे जावे.

बॉडी लिफ्ट फक्त स्वतंत्र चॅसीच्या गाडीला बसते. जिप्सी, जिम्नी, थार, गुरखा, बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर आणि जुनी सफारी या गाड्या त्या जातीच्या आहेत. डस्टर, क्रेटा, हॅरियर, एक्सयूव्ही ७०० यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. त्यांत बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये काही घालायला मुळात फटच नाही. अशा गाडीसाठी कोणी ‘बॉडी लिफ्ट किट’ दाखवू लागला, तर तो स्प्रिंगवर बसणारा स्पेसर दाखवत आहे असे समजावे. शंका असेल तर गाडीखाली वाकून पाहावे : पुढपासून मागपर्यंत गेलेले दोन जाड लोखंडी दांडे आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी रबरी बुश दिसायला हवेत. गुरखाची कंपनी आकुर्डीची आणि जुनी सफारी पिंपरीच्या कारखान्यातली, त्यामुळे या गाड्या आतून ओळखणारा एखादा निवृत्त कामगार पुण्यात ओळखीपाळखीत सहज निघतो. त्याला चहाला बोलावून गाडीखालचे समजून घेणे, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी भाग आहे.

पायरी दुसरी : कायदा आणि विमा

हा भाग दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीच्या बाबतीत किटचे पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच १२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळच्या आणि एमएच १४ ची असेल तर मोशीच्या कार्यालयात, लेखी विचारणा करावी आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर तिथेच थांबावे. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर दंडाच्या पावतीपुढे टिकत नाही.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा लागतो. न कळवलेला बदल अपघातानंतर तपासणीत उघड झाला, तर दावा अडकण्याची वाट आपणच करून ठेवलेली असते. नव्या गाडीची वॉरंटीही धोक्यात येते. सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून मोठा आहे. थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत ४ तारे मिळाले, ते कारखान्यातून आली तशा गाडीला. बॉडी आणि चॅसीच्या मध्ये ठोकळे घातल्यावर तीच गाडी धडकेत कशी वागेल, हे त्या ताऱ्यांवरून ठरवता येत नाही.

पायरी तिसरी : आधी टायर, मग इंच

टायरवरच्या आकड्यांतून त्याचा व्यास काढता येतो. थारच्या १६ इंची चाकांवर २४५/७५ आर १६ हा टायर येतो. २४५ मिलिमीटर रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर ही टायरच्या एका भिंतीची उंची झाली. तिची दुप्पट आणि १६ इंचांचे ४०६ मिलिमीटर मिळून व्यास ७७४ मिलिमीटर होतो. याच हिशेबाने २६५/७५ आर १६ चा व्यास ८०४ आणि २८५/७० आर १७ चा ८३१ मिलिमीटर भरतो. व्यास ३० मिलिमीटरने वाढला तरी डिफरन्शियल वर जाते ते निम्मे, म्हणजे १५ मिलिमीटर, कारण उरलेले निम्मे चाकाच्या वरच्या बाजूला वाढलेले असते. १५ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या जाडीएवढे अंतर. एवढ्यासाठी आपण गाडी उघडणार आहोत का, हा प्रश्न कागदावर हा आकडा लिहून मगच स्वतःला विचारावा.

आता गाडीतली जागा मोजावी. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचे माप निरुपयोगी असते, कारण टायर घासतो तो सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर. त्यासाठी गणपतीच्या दिवसांत सहज मिळणाऱ्या शाडूच्या मातीचे ओलसर गोळे घेऊन ते मडगार्डच्या आत, चाकाच्या माथ्यावर तीन-चार ठिकाणी घट्ट चिकटवावेत. मग एक पुढचे आणि त्याच्या तिरकस समोरचे मागचे चाक दगडावर किंवा पक्क्या रॅम्पवर हळूहळू चढवून सस्पेन्शन दाबू द्यावे. टायरने गोळा जिथे चेपला असेल, तिथे उरलेल्या मातीची जाडी म्हणजे आपल्या हाती असलेली खरी जागा. मातीला टायर शिवलाच नाही, तर गोळा मोठा करून पुन्हा पाहावे. हे काम चारही चाकांसाठी करावे. त्यात एक सकाळ जाते, पण नंतर कोणाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही.

समजा, दबलेल्या अवस्थेत २० मिलिमीटर जागा उरली आणि आपल्याला २४५/७५ आर १६ ऐवजी २८५/७० आर १७ घ्यायचा आहे. त्रिज्या साधारण २८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे ८ मिलिमीटरचा तुटवडा. त्यावर चिखल आणि खडे यांच्यासाठी १५ मिलिमीटर मोकळीक धरली, तर २३ मिलिमीटर हवेत. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १ इंची किट पुरते. दुकानदार ३ इंची किट पुढे करत असेल, तर हा कागद त्याच्यासमोर ठेवावा.

या हिशेबाला एक मर्यादा आहे आणि नवखे तिथेच फसतात. बॉडी लिफ्ट फक्त वरची जागा वाढवते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रुंद टायर आतल्या बाजूने चॅसीला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घासत असेल, तर तो चाकाच्या ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते याचा, प्रश्न आहे आणि कितीही इंचांचे ठोकळे घातले तरी तो सुटणार नाही. बंपर चॅसीला जोडलेला असेल तर तिथल्या घासण्यावरही किटचा उपाय चालत नाही.

मोठ्या टायरची किंमत इतर ठिकाणीही मोजावी लागते. वरच्या उदाहरणात व्यास ७ टक्क्यांहून अधिक वाढला, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा पूर्वीइतकाच खरा धरला तर ८० वर असताना गाडी ८६ च्या जवळ धावत असते. गिअर तेवढेच जड होतात, खंबाटकीच्या चढावर एक गिअर खाली यावे लागते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय मोठी स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर लटकते, त्या बिजागऱ्यांचाही विचार करावा.

माझा निवाडा असा : १ इंच ठीक, २ इंच ही शेवटची हद्द, आणि ३ इंच नको. ठोकळा जितका उंच, तितका बोल्टवर पडणारा वाकवणारा जोर जास्त. ब्रेक लावताना, वळताना आणि धडकेत बॉडी चॅसीवरून सरकू पाहते ती याच बोल्टना वाकवून.

पायरी चौथी : किट हातात घेऊन काय पाहावे

स्पेसर पॉलियुरेथेनचे, चांगल्या नायलॉनचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात आणि नीट केलेले असतील तर तिन्ही चालतात. लाकडाचे ठोकळे, पाइपाचे तुकडे, एकावर एक रचलेले वॉशर आणि १ इंचावर १ इंच चढवून केलेले २ इंच हे चारही प्रकार नाकारावेत. स्पेसरचा घेर मूळ बुशाच्या बैठकीपेक्षा लहान नसावा. मूळ रबरी बुश काढून टाकायचे नसतात. कंपने त्यांनीच शोषायची असतात. बुश कडक किंवा तडकलेले असतील, तर याच वेळी नवे घालावेत. आपल्या गाडीचे बॉडी माउंट खाली जाऊन मोजावेत, रेडिएटरजवळचे धरून, आणि किटमध्ये तेवढे स्पेसर आहेत याची खात्री करावी.

भोसरी एमआयडीसीत लेथवर असे ठोकळे करून देणारे टर्नर आहेत आणि तिथल्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र मापाचे रेखाचित्र द्यावे, दोन्ही तोंडे समांतर घ्यायला सांगावे आणि प्रत्येक ठोकळ्याची जाडी व्हर्नियरने तपासून घ्यावी. हातातला पैसा खरा बोल्टवर खर्च करावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा छाप असायला हवा आणि तो मूळ बोल्टच्या दर्जाहून खालचा नसावा. लांबी मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकी जास्त हवी. आखूड बोल्ट दोन-तीन आट्यांवर लटकतो, आणि फार लांब बोल्ट बंद नटमध्ये टेकून ‘आवळला’ असा खोटा भास देतो. आट्यांचे अंतर, म्हणजे पिच, मूळ बोल्टशी जुळवून पाहावे.

पायरी पाचवी : बॉडी आणि चॅसी यांना जोडणारे सगळे दुवे

बॉडी वर जाते आणि चॅसी खाली राहते, म्हणजे दोहोंना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते. त्यांत पहिला मान स्टिअरिंगचा. स्टिअरिंग कॉलम बॉडीला आणि स्टिअरिंगचा गिअर बॉक्स चॅसीला असतो; मधला शाफ्ट एकात एक सरकणारा असेल, तर लिफ्टनंतर त्याचे दोन भाग एकमेकांत किती उरतात ते मोजावे. ते पुरेसे नसतील तर किटबरोबर योग्य एक्स्टेन्शन हवे. कापून आणि वेल्डिंग करून लांब केलेला शाफ्ट गॅरेजवाला कितीही भरवशाचा असला तरी मी माझ्या गाडीत बसू देणार नाही.

दुसरा दुवा रेडिएटरचा. पुष्कळ गाड्यांत रेडिएटर आणि त्यावरचे पंख्याचे कडे बॉडीबरोबर वर जातात, तर पंखा इंजिनाबरोबर खालीच राहतो. माझ्या जुन्या जिप्सीला एका गॅरेजमध्ये २ इंची किट बसवले, तेव्हा हे कडे खाली सरकवायचे राहून गेले आणि पहिल्याच सहलीत वरंधा घाटाच्या चढावर पंख्याने कड्याची खालची कडा कुरतडून काढली. नशीब, की रेडिएटर वाचला. तेव्हापासून बॉडी उचलण्याआधी कड्याचे बोल्ट सैल करणे आणि नंतर पंखा हाताने पूर्ण फिरवून चहूबाजूंची फट पाहणे, ही दोन कामे मी स्वतः करतो.

तिसरा दुवा गिअरच्या आणि फोर बाय फोरच्या लिव्हरचा. त्या गिअरबॉक्सवरून उगवतात, त्यामुळे फरशीच्या तोंडातून पूर्वीपेक्षा कमी बाहेर येतात आणि कडेला अडतात. लिव्हर अडली की गिअर पुरा बसत नाही आणि नेमका उतारावर, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या संथ, जास्त जोराच्या गिअरमध्ये), सुटून न्यूट्रलला येतो. याशिवाय इंधन भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, हीटर आणि एसीचे पाइप, वायरिंगचे जुडगे आणि इंजिन-बॉडीमधली अर्थची पट्टी यांत ढील आहे का ते आधीच पाहून ठेवावे. अर्थची पट्टी तुटली तर स्टार्टर कुरकुरतो आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो.

पायरी सहावी : बसवण्याचे काम

सह्याद्रीच्या पावसात फिरलेल्या गाडीचे माउंट-बोल्ट गंजलेले असतातच, म्हणून दोन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत राहावे. बोल्टचा नट बॉडीच्या पोकळ भागात वेल्ड केलेला असतो. जोर करून तो तुटला, तर फरशी कापण्याची वेळ येते. काम सपाट, पक्क्या जमिनीवर करावे आणि बॅटरीची ऋण तार आधी काढावी. मग सगळे बोल्ट सैल करून एका बाजूचे पूर्ण काढावेत. दुसऱ्या बाजूचे काही आट्यांवर राहू द्यावेत. जॅकवर लांब फळी ठेवून फरशीखालच्या मजबूत पट्टीला टेकवावी, दाराखालच्या पातळ कडेला नव्हे. बॉडी थोडी थोडी उचलावी आणि एक माणूस फक्त वर सांगितलेल्या दुव्यांवर नजर ठेवायला उभा करावा. बॉडी आणि चॅसीच्या फटीत आधाराचे ठोकळे ठेवल्याशिवाय हात घालू नये. जॅक घसरला तर बोटे राहत नाहीत. दोन्ही बाजूंचे स्पेसर बसून सगळे बोल्ट हाताने लागल्यावरच, त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांनुसार टॉर्क रेंचने आवळावे. पहिल्यांदा करणाऱ्याने हे काम एकट्याने करू नये.

पायरी सातवी : पहिले ५०० किलोमीटर

गॅरेजच्या आवारातच स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहावे, सर्व गिअर आणि लो रेंज लावून पाहावेत, आणि पंपावर टाकी सावकाश पूर्ण भरून नळीला गळती नाही याची खात्री करावी. हेडलाइटचा झोत वर गेलेला असतो. तो खाली घेतला नाही, तर समोरच्याचे डोळे दिपतात. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर त्यावरच्या पाटीवरची उंचीची मर्यादा गाडीच्या नव्या उंचीशी ताडून पाहावी. ही गोष्ट किट घेण्याआधी पाहिली असती तर बरे झाले असते, असे म्हणणारे मला भेटले आहेत.

पहिली फेरी कात्रजच्या घाटाएवढीच ठेवावी आणि १०० किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. नवे स्पेसर आणि जुने बुश बसतात तसा ताण थोडा उतरतो. तीच तपासणी ५०० किलोमीटरला आणि त्यानंतर प्रत्येक खडतर सहलीनंतर करावी. काढलेले मूळ बोल्ट आणि वॉशर तेल लावून, कोणता बोल्ट कोणत्या माउंटचा हे चिठ्ठीवर लिहून, एका डब्यात जपून ठेवावेत. गाडी विकताना किंवा पूर्ववत करावी लागली, तर नेमक्या त्या मापाचे बोल्ट शोधत पेठा पालथ्या घालाव्या लागत नाहीत.